जुन्या बेसबॉलमधले 'डबल'चे सीझन लीडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डबल म्हणजे नक्की काय? आणि सीझन लीडर कशाला म्हणायचं?

बॅटरने बॉल मारला आणि फिल्डरच्या चुकीशिवाय तो स्वतःच्या फटक्याच्या जोरावर सेकंड बेसपर्यंत पोचला की तो डबल. आपल्याकडे शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे सांगायची गरज नाही, पण ज्यांचं सगळं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलंय त्यांच्यासाठी सांगतो, बेस चार असतात, पहिल्यापर्यंत पोचलात तर सिंगल, दुसऱ्यापर्यंत डबल, तिसऱ्यापर्यंत ट्रिपल आणि पूर्ण चक्कर मारून घरी आलात तर होमरन. एका लीगमध्ये एका सीझनला ज्याचे सगळ्यात जास्त डबल तो त्या वर्षीचा लीडर, इतकं साधं आहे. निदान कागदावर तरी. खाली वाचत गेलात की कळेल की जुन्या काळात हा आकडा बॅटरइतकाच मैदानाच्या कुंपणाचा आणि त्या वर्षीच्या नियमांचा पण आहे.

'जुनं प्रोफेशनल बेसबॉल' म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?

इथे १८७१ ते साधारण १९०३ धरलंय. १८७१ ला नॅशनल असोसिएशन नावाची पहिली प्रोफेशनल लीग सुरू झाली, ती १८७५ ला आटपली, १८७६ ला नॅशनल लीग आली जी आजही चालू आहे, आणि १९०१ ला अमेरिकन लीग आली. मधल्या काळात अजून तीन लीग येऊन गेल्या, त्यातल्या एकीचं, अमेरिकन असोसिएशनचं, पुढे बोलू.

सगळ्यात पहिला लीडर कोण?

कॅप अ‍ॅन्सन. १८७१, टीम रॉकफर्डची फॉरेस्ट सिटीज, वय १९, डबल ११. हो, फक्त अकरा. पण टीमच्या मॅचच किती झाल्या हे बघा, अ‍ॅन्सन खेळला २५. म्हणजे दोन-अडीच मॅचला एक डबल, आजच्या कुठल्याही बॅटरला हा वेग मिळाला तर तो दिवाळी साजरी करेल.

आणि एक गंमत. ४ मे १८७१ ला फोर्ट वेन विरुद्ध क्लीव्हलंड ही त्या लीगची पहिली मॅच झाली, तिच्यात क्लीव्हलंडच्या डीकन व्हाइटने पहिल्याच इनिंगमध्ये बॉबी मॅथ्यूज या पिचरला (पिचर म्हणजे आपला बॉलर) फटका मारला आणि तो डबल होता. म्हणजे प्रोफेशनल लीगच्या इतिहासातला पहिला हिट हाच मुळात डबल आहे. मॅच मात्र क्लीव्हलंड २-० ने हरलं, त्या काळाच्या मानाने हा स्कोअर भलताच कमी, तेव्हा दोन्ही बाजूंनी दहा-वीस रन होणं नेहमीचं होतं.

नॅशनल असोसिएशनच्या बाकी वर्षांचे लीडर कोण?

१८७२ ला बॉस्टनचा रॉस बार्न्स २८, १८७३ ला परत तोच ३१, १८७४ ला हार्टफर्डचा लिप पाइक २२ आणि १८७५ ला परत बॉस्टन, यावेळी कॅल मॅकव्हे ३६. बॉस्टनची रेड स्टॉकिंग्स टीम त्या काळात बाकीच्यांना चारीमुंड्या चीत करत होती, मॅनेजर होता हॅरी राइट, जो मूळचा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा आणि आधी न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबचा पगारी क्रिकेटर. बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, लोकप्रिय करणारा हेन्री चॅडविक पण इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटचाच रिपोर्टर. तर आपल्या लोकांनी या खेळाकडे अगदीच परक्यासारखं बघायचं काही कारण नाही.

लिप पाइकबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस इतका जोरात पळायचा की १८७३ ला बाल्टिमोरमध्ये त्याची क्लॅरन्स नावाच्या घोड्याबरोबर शंभर यार्डांची शर्यत लावली होती, आणि पाइक जिंकला. असा माणूस डबलमध्ये पहिला येणार नाही तर कोण येणार, ज्या फटक्यावर दुसरा पहिल्या बेसवर थांबला असता तिथे हा दुसऱ्यावर जाऊन उभा.

रॉस बार्न्स 'फेअर-फाऊल' मारायचा म्हणतात, तो काय प्रकार?

हा मुद्दा नीट समजून घ्या कारण याच्याशिवाय १८७० च्या दशकातले आकडे समजत नाहीत. तेव्हाचा नियम असा होता की बॉलचा पहिला टप्पा दोन्ही बाजूंच्या रेषांच्या आत पडला की तो फेअर, म्हणजे खेळात धरलेला, आणि बाहेर पडला की फाऊल; आत पडला की मग पुढे तो कुठेही जाऊ दे. बार्न्स काय करायचा, बॉलला असा काही काटकोनात कट द्यायचा की टप्पा होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) समोर आत पडायचा आणि फिरकी घेऊन बॉल थर्ड बेसच्या रेषेच्या बाहेर पार प्रेक्षकांकडे पळायचा. थर्ड बेसमन बिचारा त्याच्या मागे धावतोय, आणि बार्न्स आरामात पहिल्या बेसवर, कधी कधी दुसऱ्यावर.

१८७६ ला नॅशनल लीगच्या पहिल्याच सीझनला त्याने ४२९ ची बॅटिंग अ‍ॅव्हरेज काढली, म्हणजे दर हजार चान्समागे ४२९ हिट. १८७७ च्या आधी नियम बदलला, बॉल पहिला किंवा तिसरा बेस ओलांडेपर्यंत आत राहिला पाहिजे असं ठरलं. त्या वर्षी बार्न्स फक्त २२ मॅच खेळला आणि अ‍ॅव्हरेज २७२. सगळे लगेच म्हणतात, बघा ट्रिक गेली आणि हिरो संपला. इतकं सोपं नाहीये ते. तो त्या वर्षी खरोखर आजारी होता, अंगात ताप घेऊन महिनेच्या महिने बाहेर होता, क्लबने आजारपणातला पगार कापला म्हणून कोर्टात गेला आणि केस हरला. नियमाने किती नेलं आणि आजाराने किती याचं गणित कुणाला मांडता येणार नाही, पण सगळं खापर नियमावर फोडणं मला तरी पटत नाही.

मग हे १८७१ ते १८७५ चे आकडे काही याद्यांमध्ये का नसतात?

१९६८ ला बेसबॉलच्या रेकॉर्डसाठी एक कमिटी बसली होती, तिने ठरवलं की नॅशनल असोसिएशन 'मेजर लीग', म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची लीग, धरायची नाही. कारणं अशी की टाइमटेबल विस्कळीत, टीम सीझनच्या मधेच गायब, दहा डॉलर भरले की कुणीही क्लब लीगमध्ये. हे सगळं खरंच आहे. पण खेळाडू तेच होते! अ‍ॅन्सन, बार्न्स, व्हाइट, मॅकव्हे ही सगळी मंडळी १८७५ ला असोसिएशनमध्ये आणि १८७६ ला नॅशनल लीगमध्ये, मग एका वर्षात ते मायनरचे मेजर कसे झाले ते कमिटीलाच माहीत. म्हणून यादी बघताना पहिलं हे बघायचं की ती १८७१ पासून आहे का १८७६ पासून.

१८७६ चा लीडर कोण, मला तीन नावं दिसतायत?

बरोबर दिसतायत. रॉस बार्न्स, डिक हायम आणि पॉल हाइन्स, तिघांचे प्रत्येकी २१. पुढच्या वर्षी १८७७ ला अ‍ॅन्सन फक्त १९ वर नंबर वन, कारण लीगमध्ये सहाच टीम उरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या साठेक मॅच. १८७९ ला क्लीव्हलंडचा चार्ली ईडन ३१, आणि पुढच्या सीझनला हा पठ्ठ्या नॅशनल लीगमध्येच नाही! लीडर झाला आणि गायब, थेट १८८४ ला पिट्सबर्गकडून परत दिसतो.

डिक हायम म्हणजे तोच का, जो अंपायर म्हणून हाकलला गेला?

तोच. १८७८ ला प्रॉव्हिडन्सकडून २२ डबल मारून परत लीडर झाला, म्हणजे तीन वर्षांत दोनदा. मग खेळणं सोडून अंपायर झाला. १८८२ ला डेट्रॉइट टीमच्या मालकाला संशय आला की हा आपल्याविरुद्धच निर्णय देतोय, त्याने प्रायव्हेट डिटेक्टिव्ह लावला, जुगाऱ्याला लिहिलेली सांकेतिक भाषेतली पत्रं हाती लागली आणि जूनमध्ये लीगने त्याला काढून टाकलं. बेइमानीसाठी मेजर लीगमधून काढला गेलेला एकमेव अंपायर म्हणून आज त्याचं नाव घेतात. डबलचं कुणाच्या लक्षातही नसतं.

नेड विल्यमसनचे १८८३ चे ४९ डबल खरे आहेत का? मी ऐकलंय तो 'फसवा' रेकॉर्ड आहे.

आता आलात मुद्द्यावर. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर जरा लांब आहे.

शिकागोचं तेव्हाचं मैदान होतं लेकफ्रंट पार्क, मिशिगन सरोवराच्या काठाला, आज जिथे मिलेनियम पार्क आहे त्या भागात. जागा इतकी चिंचोळी की लेफ्ट फिल्डचं, म्हणजे बॅटरच्या डाव्या हाताकडचं, कुंपण होम प्लेटपासून जेमतेम १८० फुटांवर आणि राइट फिल्डचं १९६ फुटांवर. आजच्या मैदानांवर हे अंतर तीनशे फुटांच्या वर असतं, म्हणजे कल्पना करा, शाळेच्या पटांगणावर रणजी मॅच भरवल्यासारखं. आता कुंपणावरून गेलेला प्रत्येक बॉल होमरन धरला असता तर पोरखेळ झाला असता, म्हणून मैदानापुरता नियम केला होता की कुंपणावरून गेला की दोन बेस, म्हणजे डबल. १८८३ मध्ये हाच नियम होता. विल्यमसन ९८ मॅच खेळला, ४९ डबल, बरोब्बर दोन मॅचला एक. होमरन किती? दोन.

मग १८८४ ला शिकागोने ठरवलं की आता कुंपणावरून गेला की होमरन. झालं! विल्यमसनचे होमरन २ वरून थेट २७, आणि डबल ४९ वरून १८. माणूस तोच, बॅट तीच, कुंपण तेच. त्या २७ पैकी २५ घरच्या मैदानावर आणि फक्त २ बाहेर. सगळ्या टीमचे होमरन १८८३ ला १३ होते ते १८८४ ला १४२ झाले, टीममधले अजून तिघे, फेफर, डॅलरिंपल आणि अ‍ॅन्सन, वीसच्या पुढे गेले. विल्यमसनचा २७ चा आकडा १९१९ पर्यंत टिकला, तो मोडला बेब रूथने २९ मारून, आणि टीमचा १४२ चा आकडा १९२७ च्या यांकीजपर्यंत कुणाला मोडता आला नाही. १८८४ नंतर शिकागोला ते मैदान सोडावंच लागलं, पुढचा सीझन दुसऱ्या पार्कात.

म्हणजे ४९ हा आकडा खोटा ना?

खोटा कसा? नियमाप्रमाणे तो डबल होता, त्याने चोरी केलेली नाही. माझं मत विचाराल तर उलट १८८४ चे २७ होमरन जास्त फुगवलेले आहेत, १८८३ चा नियम निदान प्रामाणिक होता, एवढ्या जवळच्या कुंपणाला पूर्ण होमरन द्यायचा नाही एवढी लाज त्यात होती. पण त्या वर्षी शिकागोच्या सगळ्यांनाच या कुंपणाचा फायदा मिळत होता, आणि तरी ४९ पर्यंत पोचला एकटा विल्यमसन. हे पण विसरू नका.

त्या सीझनला त्या टीमने काय धुडगूस घातला होता त्याचे दोन नमुने देतो. ३ जुलै १८८३ ला बफेलोला ३१-७ ने हरवताना एका मॅचमध्ये १४ डबल, त्यातले चार-चार अ‍ॅन्सन आणि डॅलरिंपलचे. आणि ६ सप्टेंबरला डेट्रॉइटविरुद्ध सातव्या इनिंगमध्ये एका दमात १८ रन, त्यात टॉम बर्न्सने एकाच इनिंगमध्ये दोन डबल आणि एक होमरन. विल्यमसनने आणि फेफरने पण त्या इनिंगमध्ये तीन-तीन हिट मारले.

विल्यमसनचा शेवट मात्र वाईट झाला. १८८८-८९ ला शिकागोची टीम जगाच्या दौऱ्यावर निघाली होती, ऑस्ट्रेलिया करून कोलंबोला पण एक मॅच खेळले (आपल्या सगळ्यात जवळ हे लोक तेव्हाच आले), पुढे इजिप्त, इटली, आणि पॅरिसमध्ये याचा गुडघा फाटला. त्यानंतर तो पहिल्यासारखा कधी खेळलाच नाही, १८९४ ला वयाच्या ३६ व्या वर्षी गेला.

आज बॉल टप्पा खाऊन प्रेक्षकांत गेला की डबल देतात, तेव्हा पण असंच होतं?

नाही, तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं टप्पा खाऊन कुंपणाबाहेर गेलेला बॉल पण होमरन धरला जायचा. तो डबल करायचं अमेरिकन लीगने १९२९ चा सीझन संपल्यावर आणि नॅशनल लीगने १९३० नंतर ठरवलं. जवळच्या कुंपणाचं म्हणाल तर १८९२ ला नियमच आला की कुंपण २३५ फुटांच्या आत असेल तर वरून मारलेल्याला दोनच बेस, १९२६ ला ते अंतर २५० फूट केलं. लेकफ्रंट पार्कसारख्या प्रकारांचा बंदोबस्त म्हणायचा.

पन्नासच्या वर पहिला कोण गेला?

टिप ओनील, १८८७, सेंट लुईस ब्राउन्स, ५२ डबल. ही नॅशनल लीग नाही, अमेरिकन असोसिएशन, पण तिला मेजर लीगचा दर्जा आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओमधला माणूस, आधी पिचर होता, नंतर बॅटर झाला. १८८७ ला त्याने डबल, ट्रिपल आणि होमरन तिन्हीत लीगमध्ये वरचं स्थान घेतलं, १२४ मॅचमध्ये ५२, १९ आणि १४. हे तिन्ही एका सीझनला करणं म्हणजे खायचं काम नाही, कारण ट्रिपलला पाय लागतात आणि होमरनला खांदे. आजही कॅनडात दरवर्षी त्यांच्या सर्वोत्तम खेळाडूला टिप ओनीलच्या नावाचं अवॉर्ड देतात.

त्याची अ‍ॅव्हरेज कुठे ४९२ तर कुठे ४३५ दिसते, कुठली खरी?

दोन्ही. १८८७ ला फक्त त्या एका वर्षासाठी वॉकला, म्हणजे पिचरने पुरेसे चुकीचे बॉल टाकल्यावर फुकट मिळणाऱ्या बेसला, हिट धरलं होतं. शिवाय बॅटर आउट व्हायला तीनच्या ऐवजी चार स्ट्राइक लागायचे. बॅटरची नुसती चंगळ. नंतर त्याच १९६८ च्या कमिटीने वॉक वजा केले आणि ४३५ उरले. डबलवर मात्र याचा काही परिणाम नाही, वॉकवर कुणी दुसऱ्या बेसवर जात नाही, त्यामुळे ५२ चे ५२ च. चौथ्या स्ट्राइकचा फायदा झाला असणार हे धरून चाला.

त्या काळात एवढे डबल व्हायचे कसे? बॉल तर मऊ होता ना?

बॉल मऊ होताच, एकच बॉल मॅचभर वापरायचे, शेवटी शेवटी त्याचा लगदा व्हायचा. पण फिल्डर उघड्या हातांनी खेळायचे, १८७० च्या दशकात ग्लोव्हज घालणाऱ्याची टिंगल व्हायची. मैदान ओबडधोबड, आउटफिल्ड जवळ उभी, दोन फिल्डरच्या मधून बॉल गेला की मागे मोकळं रान. बहुतेक ठिकाणी कुंपणं लांब होती, शिकागो अपवाद, म्हणून होमरन कमी आणि डबल-ट्रिपल जास्त. आणि पिचर जवळ होता पण बांधलेला होता, १८८० पर्यंत ४५ फुटांवरून टाकायचा, खांद्यावरून टाकायची पूर्ण मोकळीक नॅशनल लीगने १८८४ ला दिली, आणि १८८६ पर्यंत तर बॅटर सांगायचा की मला वरचा बॉल हवा का खालचा. विचार करा, बॅटर ऑर्डर देतोय.

१८९३ ला काय झालं?

पिचरला मागे ढकललं, ६० फूट ६ इंचांवर, आजही तेच अंतर आहे. आधी ५० फुटांवरच्या बॉक्समधून टाकायचा. पिचरना जमेपर्यंत दोन-तीन वर्षं बॅटरनी लुटून घेतलं, १८९४ तर वेडेपणाचं वर्ष. बॉस्टनच्या ह्यू डफीने ४४० अ‍ॅव्हरेज काढली आणि ५१ डबल मारले. इथे पण कुंपणाची गोष्ट आहेच. मे १८९४ ला बॉस्टनचं स्टेडियम मॅच चालू असताना जळालं, लाकडी स्टँड, आग शेजारच्या वस्तीत पसरली आणि टीम दोन महिने काँग्रेस स्ट्रीटच्या मैदानावर खेळली, जिथे लेफ्ट फिल्ड फारच जवळ. तिथेच ३० मेला बॉबी लोने एका मॅचमध्ये चार होमरन मारले. डफी उजव्या हाताचा, म्हणजे लेफ्ट फिल्ड त्याच्या आवडीची बाजू. दोनच महिने असले तरी त्याचा वाटा धरायला हवा.

एड डेलाहँटी सगळ्यात भारी का म्हणतात?

कारण तो एकदाच आलेला नाही. फिलाडेल्फियाकडून १८९५ ला ४९, १८९६ ला ४४, १८९९ ला ५५, मग १९०१ आणि १९०२ ला बरोबरीत, असा पाच वेळा लीडर, तो पण दोन लीगमध्ये. १८९९ चे ५५ मेजर लीगमध्ये १९२३ पर्यंत टिकले, ट्रिस स्पीकरने ५९ केले तेव्हा मोडले. नॅशनल लीगपुरते तर १९३० पर्यंत, आणि मोडले ते चक क्लाइनने, त्याच फिलाडेल्फियाच्या टीमकडून, त्याच मैदानावर. डेलाहँटीचे आणखी चार भाऊ पण मेजर लीग खेळले, एका घरात पाच, आईने काय खायला घातलं होतं कोण जाणे.

दारू हा त्याचा प्रॉब्लेम होता. जुलै १९०३ च्या सुरुवातीला ट्रेनमध्ये धिंगाणा घातला म्हणून कंडक्टरने नायगाराजवळ कॅनडाच्या बाजूला रात्री उतरवलं, हा अंधारात रेल्वेच्या पुलावरून चालत निघाला आणि नदीत पडला. बॉडी काही दिवसांनी धबधब्याच्या खाली सापडली. आदल्याच वर्षी लीगमधला टॉपचा बॅटर होता हो.

बाकी कोण एकापेक्षा जास्त वेळा आलंय?

अ‍ॅन्सन १८७१, १८७७ आणि १८८५ ला, म्हणजे १४ वर्षांच्या अंतरात. किंग केली १८८१ ला बरोबरीत, १८८२ ला ३७, आणि १८८९ ला ४१, मधे १८८७ ला शिकागोने त्याला बॉस्टनला १०,००० डॉलरला विकलं तेव्हा लोकांना विश्वास बसेना. पॉल हाइन्स, डॅन ब्राउदर्स हे पण आहेत. आणि शेवटी होनस वॅग्नर, १९०० पासून १९०९ पर्यंत सात वेळा. सात.

या यादीत काळे खेळाडू का नाहीत?

कारण त्यांना येऊच दिलं नाही. १८८४ ला फ्लीट वॉकर अमेरिकन असोसिएशनमध्ये टोलेडोकडून खेळला, पण त्यानंतर दारं बंद झाली. १४ जुलै १८८७ ला इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी नवीन काळे खेळाडू घ्यायचे नाहीत असा ठराव केला, तेव्हा तिथे बफेलोकडून फ्रँक ग्रँट खेळत होता, जो अनेकांच्या मते एकोणिसाव्या शतकातला सर्वोत्तम काळा खेळाडू. त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला २००६ उजाडलं. आणि वॉकरच्या टीमबरोबर खेळायला कुरकुर करणारा सगळ्यात मोठा माणूस कोण, तर आपला पहिला लीडर कॅप अ‍ॅन्सन. यादी वाचताना 'त्या काळातले सर्वोत्तम' म्हणू नका, 'ज्यांना खेळू दिलं त्यातले' म्हणा.

सगळ्यांना एका मापाने मोजलं तर पहिला कोण?

मॅचच्या हिशोबाने भागून बघा, चित्र पालटतं. रॉस बार्न्स १८७३ ला ६० मॅचमध्ये ३१, म्हणजे दोन मॅचला एकाच्या थोडं वर. विल्यमसन ९८ मध्ये ४९, बरोबर अर्धा. मॅकव्हे ८२ मध्ये ३६ आणि अ‍ॅन्सन २५ मध्ये ११, दोघे जवळजवळ सारखे. ओनील १२४ मध्ये ५२, आणि डेलाहँटी, ज्याचा आकडा सगळ्यात मोठा दिसतो, तो १४६ मध्ये ५५, म्हणजे या सगळ्यांत शेवटी! आजच्या १६२ मॅचच्या सीझनला बार्न्सचा वेग लावला तर ८३-८४ डबल होतात. अर्थात तसं कुणी करू शकणार नाही, फेअर-फाऊल गेलं, ग्लोव्हज आले. पण तरी मला निवडायला लावलं तर मी डेलाहँटीच घेईन, कारण तोपर्यंत फिल्डरच्या हातात ग्लोव्हज होते, पिचर हवा तसा टाकत होता, आणि तरी पाच वेळा.

वेगवेगळ्या ठिकाणी आकडा एक-दोनने वेगळा का दिसतो?

कारण तेव्हाचे स्कोअर पेपरच्या बातम्यांवरून नंतर परत मोजले गेलेत. त्या काळी एखाद्या फटक्याला एका पेपरने डबल लिहिलं तर दुसऱ्याने सिंगल आणि फिल्डरची चूक, असे घोळ असायचे. १९६९ ला मोठा बेसबॉल एन्सायक्लोपीडिया निघाला तेव्हा बरेच आकडे बदलले आणि त्यानंतर पण दुरुस्त्या होत राहिल्या. एक-दोनच्या फरकावरून भांडू नका, दहाचा फरक दिसला तर मात्र बघा की तुम्ही एकाच लीगची यादी बघताय ना.

ऑल-टाइम रेकॉर्ड कुणाचा, हे जुने लोक त्यात कुठे बसतात?

१९३१ ला बॉस्टनच्या अर्ल वेबने ६७ मारले, त्याच्या आधी १९२६ ला जॉर्ज बर्न्सचे ६४ होते. वेब म्हणजे अजब प्रकरण, बाकी कुठल्याच सीझनला तो तिशीच्या पुढे गेला नाही. जुन्यांपैकी डेलाहँटी, ओनील, डफी पन्नाशीच्या वर असल्यामुळे आजही वरच्या यादीत दिसतात. अलीकडे २०२३ ला फ्रेडी फ्रीमन ५९ पर्यंत पोचला, तेव्हा साठ होणार म्हणून लोक रोज स्कोअर बघत होते, तिथेच सीझन संपला.